समुद्रकाठच्या खुल्या रंगमंचावर दौऱ्याचा प्रयोग : माळव्यातून निघणाऱ्या नाट्यसंस्थांसाठी टप्प्याटप्प्याने

इंदुरातून नाटक घेऊन कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्या हौशी संस्था एक चूक हमखास करतात, आणि ती आमच्या संस्थेनेही केलेली आहे : रंगमंच सकाळी पाहायचा आणि प्रयोग रात्री करायचा. रवींद्र नाट्यगृहात किंवा विद्यापीठाच्या सभागृहात हे खपून जाते, कारण चार भिंतींच्या आत सकाळचे दहा आणि रात्रीचे आठ यांत काही फरक नसतो. समुद्राकाठी या दहा तासांत वारा फिरतो, पाणी सरकते, हवेत दमटपणा भरतो आणि सूर्य नेमका प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मावळतो. आमच्या पहिल्या दौऱ्यात सकाळी दहा वाजता झाडाचे पानही हलत नव्हते, म्हणून आम्ही सगळे नेपथ्य उभे करून निवांत जेवायला गेलो. साडेचारला परतलो तेव्हा दिवाणखान्याची मागची भिंत पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवर पालथी पडलेली होती.

पुढील मांडणीत रंगमंच पश्चिम किनाऱ्यावर आहे, त्याच्या पाठीशी समुद्र आहे, प्रेक्षक समुद्राकडे तोंड करून बसतात, नाटक दोन अंकी आहे आणि मंडळी पंधरा-वीस आहेत, असे धरले आहे. एकपात्री प्रयोगाला यातले निम्मे लागणार नाही.

१. तारीख : पंचांग आधी, आयोजकांची सोय नंतर

बहुतेक आयोजक पौर्णिमा सुचवतात. चांदणे, समुद्र आणि नाटक ही कल्पना ऐकायला छान असली तरी प्रयोगासाठी ती जवळजवळ सर्वांत गैरसोयीची तिथी आहे, आणि त्याचे कारण भरतीच्या गणितात आहे.

किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती येत असल्याने हीच वेळ सकाळ-संध्याकाळ किंवा दुपार-मध्यरात्र अशी दोन्ही बाजूंना धरायची. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. नेमक्या वेळा त्या बंदराच्या भरतीच्या कोष्टकावरून किंवा हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेच्या अंदाजावरून घ्याव्यात. पण तारीख ठरवण्याच्या बैठकीत हे गणित पुरेसे उपयोगी पडते.

पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. आयोजक कौतुकाने दाखवतात, "पाणी बघा किती लांब आहे!" नेमके त्याच रात्री बारा वाजता उधाणाची भरती असते, आणि तुम्ही तेव्हा आयशर ट्रकमध्ये फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) चढवत असता. शिवाय पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, त्यामुळे ब्लॅकआउट, म्हणजे रंगमंचावरचा पूर्ण काळोख, नावाची गोष्ट त्या रात्री उरत नाही.

माझ्या मते वद्य षष्ठी ते वद्य अष्टमी हे दिवस सर्वांत चांगले. भरती दुपारी साडेचार ते सहाच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे नाटक चालू असताना आणि आवराआवरीच्या वेळी पाणी मागे जात असते. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस जवळ असल्याने भरतीचा जोर कमी असतो. आणि चंद्र रात्री साडेदहाच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा उगवत असल्यामुळे संपूर्ण प्रयोगभर काळोख मिळतो.

महिन्यांपैकी डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध हे धरावेत. तरीही डिसेंबर म्हणजे कोरडी हवा अशी खात्री देता येत नाही. २०१७ साली ओखी वादळामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पाऊस झाला होता.

प्रयोगाची वेळ सूर्यास्तावरून ठरवावी. डिसेंबरात कोकणात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, इंदूरपेक्षा साधारण पाव तास उशिरा. त्याआधी पडदा उघडला तर प्रेक्षकांना मावळत्या सूर्यापुढे नटांच्या काळ्या आकृत्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, म्हणजे पावणेसात ते सातला, तिसरी घंटा द्यावी आणि साडेनऊला नाटक संपवावे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी राज्य शासन बारापर्यंत सवलत देते, पण तुमचा दिवस त्यात आहे असे समजून चालू नये.

तपासा : मध्यंतर धरून नाटक अडीच तासांत बसते का? बसत नसेल तर कात्री इंदुरातच लावायची आहे.

२. कागदपत्रे

हा टप्पा थोडक्यात, पण निघण्याच्या किमान दोन महिने आधी.

महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. मध्य प्रदेशात त्याच नाटकाचे दहा प्रयोग झाले असले तरी ते माफ होत नाही. लेखकाची लेखी परवानगी आणि मानधनाची पावती सोबत ठेवावी. ध्वनिक्षेपकाचा परवाना, जागेची परवानगी आणि किनाऱ्यावर तात्पुरती उभारणी करण्याची मुभा ही आयोजकांची जबाबदारी असते. किनारपट्टी सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांखाली येते, त्यामुळे "आमचे सरपंच आहेत ना" हे उत्तर पुरेसे मानू नये आणि परवानगीपत्राची प्रत मागून घ्यावी.

वेळास, आंजर्ले, गुहागर या भागांतल्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि प्रखर दिव्यांमुळे मादी व पिल्ले दोन्ही भरकटतात. अशा किनाऱ्यावर प्रयोग असेल तर वन खात्याला आधी विचारावे आणि समुद्राच्या दिशेने एकही दिवा रोखू नये.

नेपथ्य, कपडेपट आणि प्रॉपर्टी (प्रयोगात वापरायच्या वस्तू) यांची यादी संस्थेच्या लेटरहेडवर करून तिच्यावर "विक्रीसाठी नाही" असे लिहून गाडीवाल्याकडे द्यावी. नाटकात तलवार किंवा खोटे पिस्तूल असेल तर त्याचा उल्लेख यादीत ठळकपणे करावा. महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या सेंधव्यात रात्री दोन वाजता ऐतिहासिक नाटकाचे कथानक समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

३. तालीम उघड्यावर हलवणे

संस्था सर्वांत कमी वेळ या टप्प्याला देतात, आणि प्रयोग पडतो तो याच कारणाने.

बंद सभागृहात नटाचा आवाज भिंती आणि छत परत पाठवतात. उघड्यावर तो एकदाच जातो. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे पाचव्या रांगेत भरदार वाटणारे वाक्य पंधराव्या रांगेत पातळ होऊन पोहोचते. त्यातच लाटांचा सततचा फसफसाट स, श, फ ही अक्षरे गिळून टाकतो. "शेवटी सगळे सोसायचे आम्हीच" या वाक्यातले काय उरेल, याचा अंदाज मोठ्याने म्हणून घ्यावा.

म्हणून निघण्यापूर्वी निदान सहा तालमी मैदानावर कराव्यात. शाळेचे पटांगण पुरते, गच्ची पुरत नाही, कारण कठड्यामुळे आवाज परत येतो. जाणत्या माणसाला ७५ फुटांवर पाठमोरे बसवावे आणि न समजलेले प्रत्येक वाक्य त्याला लिहून ठेवायला सांगावे. पहिल्या तालमीत त्या वहीची तीन-चार पाने भरतात. त्यातली बहुतेक वाक्ये सुरुवातीला ऐकू आलेली आणि शेवटी विरलेली असतात. आपल्याकडच्या नटांना वाक्याच्या अखेरीस आवाज खाली सोडण्याची सवय आहे, आणि बंद नाट्यगृह ती झाकून घेते. उपाय ओरडण्याचा नाही. वेग थोडा कमी करणे, शेवटचा शब्द धरून ठेवणे आणि तोंड प्रेक्षकांकडे ठेवणे एवढ्यावर बरेच भागते. विंगेकडे तोंड करून म्हटलेले वाक्य समुद्राला ऐकू जाते.

दोन तालमी पूर्ण वेशात आणि पेडेस्टल पंखे मागून लावून घ्याव्यात. नऊवारीचा पदर, ओढणी, उपरणे, हातातले पत्र, नटीचे मोकळे केस यांतले काय उडते ते तेव्हाच कळते. आमच्या नाटकात नायिका पत्र वाचते त्या प्रसंगी कागद पंख्यासमोर उलटून तिच्या तोंडावर चिकटला, आणि त्यानंतर आम्ही ते पत्र पुठ्ठ्यावर डकवले.

आणखी दोन बदल इथेच करायचे आहेत. पहिला, प्रॉम्प्टर विसरणे : उघड्या रंगमंचावर विंगेतून कुजबुजलेले वाक्य नटापर्यंत पोहोचत नाही आणि माइक जवळ असेल तर थेट प्रेक्षकांना ऐकू जाते. दुसरा, ब्लॅकआउटवर अवलंबून असलेले प्रवेशबदल उजेडात करता येतील असे बसवणे.

यानंतर करायची ती "उघडी तालीम", म्हणजे एकही फ्लॅट न वापरता, दोन बाकांवर आणि चार मोड्यांवर (वेताच्या बैठ्या आसनांवर) संपूर्ण नाटक. वारा फार झाला तर हाच प्रयोग करायचा आहे, आणि तो आयत्या वेळी सुचत नाही. दिग्दर्शकांना ही सूचना आवडत नाही. त्यांनी सिंधुदुर्गातले दशावतारी एका बाकावर राजदरबार, रथ आणि अरण्य कसे उभे करतात ते एकदा पाहून यावे.

इशारा : संगीत नाटक असेल तर वादकांना आधी सांगून ठेवावे. दमट हवेत तबल्या-पखवाजाची पुडी सैल होऊन सूर उतरतो. वाद्ये संध्याकाळी त्याच जागी किमान तासभर ठेवून मग सुरात आणावीत आणि मध्यंतरात पुन्हा तपासावीत.

४. सामान : काय न्यावे, काय इंदुरातच ठेवावे

वजने नेऊ नयेत. रिकाम्या गोण्या न्याव्यात. २० लिटर कोरडी वाळू साधारण ३० किलो भरते. अशा चाळीस गोण्या म्हणजे बाराशे किलो वजन जागेवर फुकट मिळते, फक्त ती तिथेच रिकामी करून वाळू जागच्या जागी पसरून यायचे. गोण्या, जाड सुती दोर, ताडपत्री आणि बंद डबे हे सगळे इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळते.

कापडी मागचा पडदा नेऊ नये, कारण तो शीड होतो. कापडाला चिरा पाडल्या की वारा निघून जातो असे अनेकजण सांगतात. त्याने फारसा फरक पडत नाही. मागे आडोसा हवाच असेल तर मासेमारीचे जुने जाळे लावावे, नाहीतर समुद्रच मागे राहू द्यावा.

प्लायवूडचे दारे असलेले फ्लॅट नेताना दार चौकटीपेक्षा किमान दोन-तीन मिलिमीटर सैल करून घ्यावे. माळव्याच्या कोरड्या हवेत नीट लागणारे दार किनाऱ्यावर एका रात्रीत फुगते. आमचा नायक पहिल्या अंकात दार तीनदा ओढून शेवटी भिंतीला वळसा घालून घरात आला, आणि त्या टाळ्या नाटकासाठी नव्हत्या.

रंगभूषेच्या पेटीत दाढी-मिशांचा गोंद दुप्पट घ्यावा, कारण घामाने तो सुटतो. कपडेपटात सेफ्टी पिना मोजून नव्हे तर डब्याने घ्याव्यात आणि साड्यांच्या काठांत, पदराच्या टोकाला शिशाची लहान वजने किंवा नाणी शिवून ठेवावीत.

५. प्रवास

सामानाची गाडी मंडळींच्या एक दिवस आधी निघाली पाहिजे. आग्रा-मुंबई महामार्गाने सेंधवा, बिजासन घाट, धुळे, नाशिक असा रस्ता सरळ आहे, पण पुढे कोकणात उतरणारे घाट आणि अरुंद गावरस्ते लांब ट्रकला जड जातात, म्हणून १४ फुटी आयशरपेक्षा मोठी गाडी करू नये. शेवटचा एक किलोमीटर आयोजकांनी स्वतः चालून पाहिला आहे का, हे विचारावे.

मंडळी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईपर्यंत आली तरी पुढचा प्रवास दिवसाचाच ठरवावा, म्हणजे आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत सर्वजण रंगमंचावर पोहोचतील. नाटकाच्या दिवशी सकाळी पोहोचण्याची योजना म्हणजे मुक्कामाचे एका रात्रीचे पैसे वाचवून पुढचा टप्पा गमावणे होय.

इशारा : गाडी वाळूवर उतरवू नये, चालक कितीही म्हणाला तरी. ओली वाळू दिसायला घट्ट असते, उभ्या गाडीखाली ती हळूहळू बसते, आणि भरती वाट पाहत नाही.

६. आदल्या संध्याकाळची पाहणी

बाकी सगळे टप्पे कमी-जास्त झाले तरी हा टप्पा टाळू नये. दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि ध्वनी सांभाळणारा, असे चौघे आदल्या दिवशी संध्याकाळी पाच ते रात्री दहा त्या रंगमंचावर थांबले पाहिजेत. डबा तिथेच मागवावा.

किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते, पण नाटकाशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. खारा वारा असताना नटाचा आवाज वाऱ्याबरोबर प्रेक्षकांकडे जातो आणि खाली वळत पोहोचतो. वारा फिरून मतलई झाला की तोच आवाज वाऱ्याविरुद्ध जातो, वर वळतो आणि मागच्या रांगांच्या डोक्यावरून निघून जातो. मध्ये काही काळ वारा पडतो. सूर्यास्तानंतर खारा वारा नेमका कधी मंदावतो, किती वेळ पडून राहतो आणि उलटा कधी सुरू होतो, हे त्या गावी, त्या ऋतूत, त्या टेकडीच्या आडोशाला जाऊनच कळते.

म्हणून एका काठीला लोकरीचा धागा बांधून ती रंगमंचाच्या मध्यभागी रोवावी आणि दर पंधरा मिनिटांनी धाग्याची दिशा वहीत लिहावी. हातात धरायचे वाऱ्याचे मापक यंत्र परवडत असेल तर वेगही लिहावा. याच वहीत पुढील नोंदी हव्यात : सूर्य प्रेक्षकांच्या डोळ्यांवरून कधी हटला, चेहरा दिव्याशिवाय दिसेनासा कधी झाला, लाटांचा आवाज मागच्या रांगेत किती येतो, जवळच्या रस्त्यावरची शेवटची एसटी कधी जाते, आणि रंगमंचाच्या फळ्यांवर दव कधी उतरले. ओलसर फळीवर चामडी तळाची चप्पल सरकते; दव आठलाच पडत असेल तर दुसऱ्या अंकातील धावपळ अनवाणी किंवा रबरी तळव्यांनी करावी लागेल.

सहा वाजता पाणी कुठे आहे तिथे एक खूण करावी, दहाला पुन्हा पाहावे, आणि स्थानिक कोळ्याला विचारावे की उद्या या वेळी कुठे असेल. त्याचे उत्तर कोष्टकाशी जुळले तर निश्चिंत व्हावे. जुळले नाही तर कोळ्याचे ऐकावे.

तपासा : वहीवरून तीन गोष्टी रात्रीच ठरल्या पाहिजेत. तिसरी घंटा किती वाजता, नाजूक आणि हळू आवाजातले प्रवेश वारा पडलेल्या काळात येतात का, आणि वारा उलटल्यावर माइकची पातळी कुठे वाढवायची.

७. उभारणी : आधी वजन, मग भिंत

क्रम असा ठेवावा : गोण्या भरणे, तणाव्यांचे आधार पुरणे, लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) मांडणे, आणि मग फ्लॅट एकेक करून उभे करणे. आपल्याकडे उत्साहात आधी फ्लॅट उभे राहतात आणि मग "अरे, वजन आणा" अशी हाक येते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात ८ बाय ४ फुटांच्या एका फ्लॅटवर साधारण २० किलोंचा रेटा येतो, आणि झोत आला तर त्याहून बराच जास्त. म्हणून एका फ्लॅटमागे किमान दोन भरलेल्या गोण्या, म्हणजे ६० किलो, हे माप धरावे. दोन फ्लॅटांमध्ये सहा ते नऊ इंचांची फट सोडावी. दिवाणखान्याची भिंत फटीफटीची दिसेल अशी तक्रार होते. प्रेक्षकांना दहा मिनिटांत ती दिसेनाशी होते.

टेके नुसते मागून टेकवलेले नसावेत. वारा प्रेक्षकांकडून आला तरच टेकवलेला टेका काम करतो. दुपारचा खारा वारा पाठीमागून येतो आणि फ्लॅटला टेक्यापासून दूर ढकलतो. आमची भिंत नेमकी अशीच पडली होती. टेका फ्लॅटला बिजागरीने जोडलेला आणि पायथ्याशी गोणीखाली दाबलेला असला की तो दोन्ही बाजूंनी धरतो.

तणाव्यांसाठी वाळूत खुंटी ठोकू नये, ती हाताने निघते. दोन फूट खोल आडवा खड्डा काढून, भरलेल्या गोणीच्या कमरेला दोर बांधून ती पुरावी आणि वर वाळू तुडवून घट्ट करावी. अशी गोणी दोन माणसांनाही ओढून निघत नाही.

८. वीज, दिवे, ध्वनी

विजेची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कुठे बसवला आहे, अर्थिंगची सळई कुठे पुरली आहे, आणि वायरींचे जोड कुठे आहेत. कोरड्या वाळूतली अर्थिंग कामाची नसते, सळई ओलसर जमिनीपर्यंत गेली पाहिजे. जोड जमिनीपासून वर, विटेवर ठेवून वर प्लास्टिकचा डबा पालथा घालावा. जोडाला पिशवी गच्च गुंडाळण्याची सवय धोकादायक आहे, कारण आत दव साठते.

जनरेटर रंगमंचाच्या मागेही नको आणि प्रेक्षकांच्या मागेही नको. वारा फिरल्यावर धूर आणि आवाज कुठल्यातरी एका बाजूला येणारच, म्हणून तो बाजूला, शक्य तितक्या लांब ठेवावा.

दिव्यांबाबत दोन गोष्टी. उघड्यावर भिंतीवरून परतणारा उजेड नसतो, म्हणून इंदुरात चार दिव्यांत भागणाऱ्या प्रवेशाला इथे सहा-सात लागतात. आणि तापलेल्या हॅलोजन दिव्यावर पाण्याचे थेंब पडले तर काच तडकते, म्हणून किनाऱ्यावर पाणी-रोधक एलईडी पार दिवे मागावेत. स्टँड गोण्यांनी दाबून वर तणावा द्यावा. डिमर आणि मिक्सर छपराखाली ठेवावेत, आणि वर ताडपत्री घडी घालून तयार असावी.

प्रत्येक माइकला फोमची टोपी हवी. कॉलर माइकला त्यावर केसाळ आवरण असले तर उत्तम. मिक्सरवर १०० हर्ट्झखालचा भाग कापला की वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर लावले असतील तर त्यांना अंतरानुसार विलंब द्यावा, २० मीटरला साधारण ६० मिलिसेकंद, नाहीतर प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो.

इशारा : ध्वनीची चाचणी दुपारी बाराला उरकू नये. ती एकदा पाचला भर वाऱ्यात आणि एकदा साडेसहाला, अशी दोनदा करावी.

९. प्रयोगाचा दिवस

सकाळी सात ते अकरा या शांत वेळेत उभारणी पूर्ण करावी. दुपारी नटांनी सावलीत विश्रांती घ्यावी. प्रयोग संपेपर्यंत समुद्रात उतरायचे नाही, हा नियम दौऱ्याच्या पहिल्या पत्रकातच लिहावा. आमच्याकडच्या मुलांना समुद्र दिसला की राहवत नाही, आणि खारे पाणी, ऊन व आरडाओरडा यांनी बसलेला घसा संध्याकाळी मध-आल्याने सुटत नाही.

तीन वाजता सर्व तणावे आणि गोण्या पुन्हा ओढून पाहाव्यात. साडेचारला रंगभूषा सुरू करावी, पण दाढी-मिशा अखेरच्या अर्ध्या तासात लावाव्यात. सहाला आयोजकांकडून प्रेक्षकांसाठी सूचना द्यावी : शाल आणावी, दव पडते, पावसाची शक्यता असेल तर छत्री नको, रेनकोट. छत्री उघडली की मागचे तीन प्रेक्षक नाटकाला मुकतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कड्यावर मिनॅक नावाचे खुले नाट्यगृह आहे, तिथेही छत्र्यांना मज्जाव आहे.

सहा वाजता वाऱ्याचा निर्णय घ्यावा, आणि तो एकाच माणसाने घ्यावा; माझ्या मते दिग्दर्शकाने नव्हे, तर रंगमंच व्यवस्थापकाने. वारा सलग ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल, किंवा यंत्र नसेल तर माडाच्या झावळ्या एका बाजूला ताणून उभ्या राहत असतील, तर फ्लॅट आडवे करून तिसऱ्या टप्प्यात बसवलेला उघडा प्रयोग करावा. विजा चमकू लागल्या तर प्रयोग थांबवावा आणि प्रेक्षकांना पक्क्या छताखाली पाठवावे. यावर चर्चा होऊ नये.

१०. नाटक चालू असताना

एक माणूस पूर्ण वेळ धाग्याकडे पाहण्यासाठी ठेवावा आणि वारा फिरताच त्याने ध्वनीवाल्याला कळवावे. दुसऱ्याने मध्यंतरात रंगमंच कोरड्या फडक्याने पुसावा. दिव्यांभोवती किडे जमतात, आणि नटाच्या तोंडात किडा गेला तर त्याने पाठ फिरवून थुंकावे व वाक्य पुन्हा घ्यावे, असे तालमीतच सांगून ठेवावे. हसू येते, पण हे घडतेच.

११. आवराआवर

फ्लॅट उतरवण्याआधी पाणी कुठे आहे ते टॉर्चने पाहावे. आधी वीज बंद, मग दिवे, मग प्रॉपर्टी, मग फ्लॅट, आणि सर्वांत शेवटी गोण्या रिकाम्या करणे. उलट क्रमाने गेल्यास मोकळा झालेला फ्लॅट रात्रीच्या वाऱ्यात कोणाच्या तरी डोक्यावर येतो. टाचण्या, खिळे, तारेचे तुकडे वाळूतून चुंबक फिरवून गोळा करावेत, कारण सकाळी तिथे मुले अनवाणी येतात.

ओले कपडे पेटीत घालून इंदूरपर्यंत आणू नयेत. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी दोर बांधून ते वाळत घालावेत, आणि परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यात काढावेत. बिजागऱ्या, स्क्रू, कॅस्टर आणि लोखंडी ट्रंकांचे कडी-कोयंडे ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, मशीनचे तेल लावून ठेवावेत. आमच्या एका ट्रंकेची बिजागरी तीन आठवड्यांनी गंजून अशी धरली की पुढच्या नाटकाच्या रंगीत तालमीला ती छिन्नीने तोडावी लागली. आत दोन पगड्या होत्या, आणि त्यांच्या अस्तरात अजून वाळू होती.